मूळ तुटलेला धूर

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास आरंभींच भेटणारा दृष्टांत म्हणजे धूम आणि अग्नि यांचा होय. पर्वतावर धूर दिसतो, त्या अर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान सर्वपरिचित आहे. परंतु नैयायिकांची सावधगिरी विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. केशवमिश्राच्या ‘तर्कभाषें’त जी धूमरेषा पाहून अनुमान करावयाचें, ती मुळाशीं न तुटलेली अशी वर्णिली आहे. धुराचें मूळ तुटलें, तो वाऱ्यावर दूर गेला, म्हणजे ‘येथें अग्नि आहे’ असें म्हणण्याचा अधिकार संपला. मग अशा धुराला त्याच्या अग्नीपर्यंत परत कसें न्यावयाचें? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास अवघा पाऊणशें वर्षांचा आहे.

१९५० च्या जूनमध्यें कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टा या प्रांतांच्या सरहद्दीवर, चिंचागा नदीच्या रानांत वणवा पेटला. वस्तीपासून दूर असल्यामुळें तो जळूं देण्यांत आला, आणि ऑक्टोबरपर्यंत दहा लक्ष हेक्टरांहून अधिक अरण्य त्याच्या मुखीं पडलें. २४ सप्टेंबरच्या रविवारीं त्याचा धूर ऑंटारिओवर व न्यूयॉर्क संस्थानावर आला. भर दुपारीं दिवे लावावे लागले, आणि कित्येकांस हें युद्धाचें चिन्ह वाटलें. दोन दिवसांनीं एडिंबरो येथें लोकांनीं सूर्य निळा झालेला पाहिला. तेथील वेधशाळेंत रॉबर्ट विल्सन यांनीं त्या प्रकाशाचे वेध घेतले. धुराचे कण जवळजवळ एकाच आकाराचे असल्यामुळें तांबडा प्रकाश अधिक विखुरला जाऊन निळा तेवढा खालीं येत होता. कार्य डोळ्यांपुढें होतें; कारण मात्र वाऱ्यांचे नकाशे जुळवून मागाहून शोधावें लागलें.

१९६० सालीं ‘टायरॉस’ हा पहिला यशस्वी हवामान-उपग्रह आकाशांत गेला, आणि पृथ्वीकडे वरून पाहणारा डोळा मनुष्यास लाभला. तथापि ढग आणि धूर यांतील भेद वरून ओळखणें सोपें नव्हतें. त्याची किल्ली अनपेक्षित ठिकाणीं सांपडली. १९७८ च्या ‘निंबस-७’ वरील एक उपकरण ओझोन वायु मोजण्याकरितां होतें. परंतु धूर अतिनील किरण शोषून घेतो व ढग ते परतवितो, म्हणून त्याच्याच नोंदींत धूर वेगळा उमटला होता, हें पुढें ध्यानांत आलें. १९९९ व २००२ मध्यें गेलेल्या ‘टेरा’ व ‘अ‍ॅक्वा’ या उपग्रहांनीं धुरासवेंच जळत्या जागेची उष्णताहि टिपली. म्हणजे हेतु व साध्य एकाच चित्रांत आलीं. वारा उंचीगणिक बदलत असल्यामुळें, धुराची उंची कळल्यावांचून त्याचा मार्ग काढतां येत नाहीं. ती उंची २००६ च्या ‘कॅलिप्सो’नें लेसरचे झोत खालीं सोडून मोजली.

७ जून २०२३ रोजीं न्यूयॉर्क शहराचें आकाश नारिंगी झालें. या वेळीं युद्धाची शंका घेण्याचें कारण नव्हतें. क्वेबेकच्या अरण्यांतून निघालेला तो धूर कोठवर आला आहे, हें लोकांस घरबसल्या पाहतां येत होतें. भय गेलें, ज्ञान आलें. परंतु खोकला राहिलाच.

ज्ञानाच्या मर्यादेचा दुसरा प्रश्न आपल्या देशांत उभा राहिला. भूजल वांचविण्यासाठीं पंजाब व हरियाणा येथें २००९ च्या कायद्यांनीं भाताची लावणी पुढें ढकलली. त्यामुळें कापणी लांबून गव्हाच्या पेरणीपूर्वींचे दिवस कमी उरले, आणि शेतांतील पेंढा व खुंट जाळून टाकण्याकडे शेतकऱ्यांचा कल अधिकच वाढला. तो धूर दिल्लीकडे वाहतो. या आगींची मोजदाद ज्या उपग्रहांवरून होत आली, ते दुपारीं दीडच्या सुमारास डोक्यावरून जात. आगींचा आंकडा उतरूं लागला, तेव्हां समाधान मानण्यांत आलें. पण दिवसभर एकाच जागेवरून पाहणाऱ्या कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून २०२४ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, पुष्कळ आगी ती वेळ टळल्यानंतर लागत होत्या. धूर होता, अग्नि नोंदींत नव्हता.

मूळ तुटलेल्या धुराला त्याचें मूळ परत मिळालें, हें या पाऊणशें वर्षांचें श्रेय खरेंच. परंतु उपग्रह आग दाखवितो. खोल गेलेलें पाणी आणि दोन पिकांमधले थोडे दिवस आगीच्या चित्रांत उमटत नाहींत. निळा सूर्य पाहणाऱ्यांना धूर कोठला हें ठाऊक नव्हतें, म्हणून ते जबाबदारींतून सुटले. आपणांस तें ठाऊक आहे. ज्यास कारण कळलें, त्यानें नुसती मोजदाद करून थांबणें म्हणजे अनुमान अर्ध्यावर सोडणेंच होय.