मिनी गोल्फच्या मैदानावरचा खजिना आणि सुरतेचा माल

१/
अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात, अटलांटिक महासागराच्या काठी, मर्टल बीच नावाचे शहर आहे. सुट्टीसाठी येथे येणारी कुटुंबे दिवसा समुद्रावर असतात आणि संध्याकाळी मिनी गोल्फ खेळतात. मैदानावर मोडक्या डोलकाठीचे जहाज, कवटीचे निशाण, कृत्रिम धबधबा आणि नाण्यांनी भरलेला पेटारा असतो. हा पेटारा तेथे कसा आला, याचा माग काढत गेल्यास वाट सुरतेच्या बंदरापर्यंत येते. त्याविषयीचा हा धागा.

२/
आधी खेळाविषयी. गोल्फमधील लांब फटके वगळून केवळ शेवटचा टप्पा उरवला, की मिनी गोल्फ होतो. 'पटर' नावाच्या काठीने चेंडू जमिनीवरून ढकलत होलमध्ये घालायचा, एवढेच. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १८६७ साली स्त्रियांचा पटिंग क्लब स्थापन झाला. काठी खांद्याच्या वर नेऊन जोरदार फटका मारणे त्या काळी स्त्रियांना अशोभनीय मानले जाई. त्यामुळे त्यांच्या वाट्याला पटिंगची स्वतंत्र हिरवळ आली. उंचसखल असल्याने ती 'हिमालय' या नावाने ओळखली जाते. तेथे आजही खेळ चालतो.

३/
अमेरिकेत या खेळाचा धंदा झाला तो १९२० च्या दशकात. खरी हिरवळ राखणे खर्चाचे काम. थॉमस फेअरबेर्न याने सरकीची टरफले वापरून कृत्रिम पृष्ठभाग तयार केला आणि ती अडचण दूर झाली. पुढे लुकआउट माउंटन येथील हॉटेलमालक गार्नेट कार्टर याने पाहुण्यांसाठी छोटे मैदान उभारले. त्यावर परीकथांतील बुटक्यांच्या मूर्ती होत्या. अंगठ्याएवढ्या लोककथानायकावरून त्याने त्याला 'टॉम थंब' गोल्फ हे नाव दिले. म्हणजे खेळाबरोबर गोष्ट विकण्याची कल्पना आरंभापासूनच होती.

४/
महामंदीच्या पहिल्या वर्षात या खेळाचे वेड शिगेला पोहोचले. १९३० मध्ये देशात सुमारे २५ हजार मैदाने असल्याचा अमेरिकी वाणिज्य खात्याचा अंदाज होता. हातात पैसा नसलेल्या माणसाला परवडेल अशी ही करमणूक होती. रिकाम्या भूखंडांवर जुने टायर, पाइप, पन्हाळी जे मिळेल ते मांडून लोकांनी मैदाने केली. ही लाट आली तशीच लवकर ओसरली.

५/
दुसऱ्या महायुद्धानंतर दोन वाटा झाल्या. १९५४ मध्ये उत्तर कॅरोलिनात डॉन क्लेटन याने 'पट-पट' सुरू केले. तेथे अडथळ्यांची गंमत नव्हती. सारा भर कौशल्यावर होता. याउलट पेनसिल्व्हेनियातील लोमा बंधूंनी फिरत्या पवनचक्कीसारखे अडथळे घडवले. पुढे पर्यटकांच्या गावांत तिसरा प्रकार रुजला, तो म्हणजे 'अ‍ॅडव्हेंचर गोल्फ'. यात एकेका होलच्या युक्तीपेक्षा संपूर्ण देखावा महत्त्वाचा: सिमेंटचे खडक, गुहा, झुलते पूल, निळ्या रंगाचे पाणी. मर्टल बीच परिसरातील 'हवाईयन रंबल' या मैदानात तर सुमारे ४० फूट उंचीचा ज्वालामुखी आहे.

६/
या देखाव्यांतील सर्वांत लोकप्रिय विषय म्हणजे समुद्री चाचे. अनेक मैदानांतील मार्गांना 'कॅप्टन किड' किंवा 'ब्लॅकबिअर्ड' अशी नावे असतात. काही ठिकाणी होलजवळ त्यांची माहिती देणारे फलकही असतात. पण तेथील चाचा बराचसा पुस्तकांतून आणि चित्रपटांतून आलेला आहे. नकाशावरची फुली आणि पुरलेला खजिना रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच्या १८८३ सालच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीने घराघरांत पोहोचवला. चाच्यांची ठरावीक घोगरी बोली १९५० च्या चित्रपटातील रॉबर्ट न्यूटन या नटाची. १९६७ मध्ये डिस्नेलँडमधील 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या सफरीने जहाज, गुहा आणि खजिना यांचा एकत्र देखावा उभा केला.

७/
वास्तवात चाचे खजिना सहसा पुरत नसत. लूट वाटून घेतली जाई आणि बंदरांतल्या दारूच्या गुत्त्यांत उडवली जाई. ज्याने खरोखर काही पुरले आणि ज्याची कागदोपत्री नोंद आहे, असे ठळक उदाहरण विल्यम किड याचे. आणि त्याची सर्वांत मोठी लूट हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची होती.

८/
किडची कथा समजण्यासाठी आधी १६९५ पाहावे लागते. त्या वर्षी सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटले. ते हजचे यात्रेकरू आणि व्यापारी यांना घेऊन सुरतेकडे परतत होते. प्रवाशांचा छळ झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. संतप्त बादशाही अधिकाऱ्यांनी सुरतेतील इंग्रजांना कैदेत टाकले. यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याचे ईस्ट इंडिया कंपनीला मान्य करावे लागले. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

९/
या पार्श्वभूमीवर १६९६ मध्ये किड निघाला, तो चाचा म्हणून नव्हे. त्याच्याकडे इंग्लंडच्या राजाची सनद होती: चाच्यांना पकडावे आणि शत्रू असलेल्या फ्रान्सची जहाजे धरावीत. त्याच्या मोहिमेत इंग्लंडमधील बड्या सरदारांचा पैसा गुंतलेला होता. जानेवारी १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ त्याने 'केदा मर्चंट' हे जहाज पकडले. ते आर्मेनियन व्यापाऱ्यांचे होते आणि बंगालहून सुरतेकडे जात होते. आत रेशीम, मलमल, सुती कापड, साखर, अफू, सोरा असा माल होता. मालात औरंगजेबाच्या दरबारातील एका अमिराचाही वाटा होता.

१०/
त्या जहाजावर फ्रेंच परवाना होता. त्यामुळे पकड कायदेशीर आहे, असा किडचा दावा. पण एव्हरीच्या प्रकरणाने पोळलेल्या कंपनीला दुसरा वाद नको होता, आणि किड चाचा ठरला. १६९९ मध्ये त्याने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर मालाचा काही भाग पुरला. गव्हर्नर बेलोमाँट हा त्याच्या मोहिमेच्या पाठीराख्यांपैकीच एक. त्याने किडला अटक केली, तो माल खणून काढला आणि पुरावा म्हणून लंडनला धाडला.

११/
खटल्यात किडला ते फ्रेंच परवाने सादर करता आले नाहीत. चाचेगिरी आणि आपल्या जहाजावरील एका गोलंदाजाचा खून या आरोपांखाली त्याला २३ मे १७०१ रोजी लंडनमध्ये फाशी देण्यात आली. परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी दप्तरात सापडले. 'केदा मर्चंट'चे अवशेष २००७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ ओळखण्यात आले.

१२/
दुसरे नाव ब्लॅकबिअर्डचे, आणि हा मर्टल बीचच्याच किनाऱ्यावरचा. मे १७१८ मध्ये त्याने याच दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली. खंडणी म्हणून त्याने मागितली औषधांची पेटी. त्याचे प्रसिद्ध जहाज 'क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज' हे मूळचे 'ला काँकॉर्द' नावाचे फ्रेंच जहाज. आफ्रिकेतून माणसांना गुलाम करून नेणारे. त्या व्यापाराला तेव्हाचा कायदा चाचेगिरी मानत नव्हता. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी ओक्रकोक येथे ब्रिटिश नौदलाच्या तुकडीने ब्लॅकबिअर्डला ठार केले.

१३/
त्याच नोव्हेंबर महिन्यात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आणखी एका 'चाच्या'वर आरमार पाठवले होते. ठिकाण खांदेरी, प्रतिपक्ष कान्होजी आंग्रे. हा हल्ला फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली मोहीमही फसली. इंग्रजी कागदपत्रे कान्होजींना सर्रास चाचा म्हणतात. इकडे ते छत्रपती शाहू महाराजांचे सरखेल होते. त्यांच्याकडे किल्ले होते, आरमार होते आणि किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना ते दस्तक देत.

१४/
येथे या साऱ्या कथांचा समान दुवा दिसतो, आणि तो एका कागदाचा आहे. किड फासावर गेला तो परवाने दाखवता न आल्याने. कान्होजींचे दस्तक नसलेले जहाज धरले जाई. आणि इंग्रजांची तक्रार हीच, की परवाना देण्याचा हा अधिकार त्यांना दिला कोणी? अधिकार मान्य केला तर ती जकात आणि जप्ती. नाकारला तर चाचेगिरी.

१५/
याचा अर्थ सारे चाचे निर्दोष होते, असा नाही. 'गंज-ए-सवाई'वरील यात्रेकरूंवर झालेले अत्याचार कोणत्याही व्याख्येने अत्याचारच राहतात. एव्हरी, किड आणि कान्होजी यांना एकाच रांगेत बसवणेही चूक: पहिला उघड दरोडेखोर, दुसरा सनद घेऊन निघालेला आणि सीमारेषेवर अडकलेला, तिसरा एका राज्याचा आरमारप्रमुख. इंग्रजी कागदपत्रांत मात्र तिघांनाही शिक्का एकच लागला. म्हणून 'चाचा' हा शब्द वाचताना तो कोणी, कोणाला आणि कोणत्या वर्षी लावला, हे आधी पाहावे.

१६/
सुट्टीतल्या खेळाने इतिहासाचा तास घ्यावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मुलांनी चेंडू मारावा, कृत्रिम धबधब्याखाली भिजावे. पण फलकावर किडचे नाव असते तेव्हा सुरतेचे, आर्मेनियन व्यापाऱ्यांचे आणि मलमल विणणाऱ्या हातांचे नाव नसते. पेटाऱ्यातील नाणी कोणाच्या घामाची, हा प्रश्न 'साहस' या शब्दाखाली झाकला जातो. खजिना कोणी पुरला हे जगाला ठाऊक आहे. तो कोणाचा होता, हे सांगणारा फलक लिहायचा राहिला आहे.

(धागा समाप्त)