बाथमधील एक परसदार

इंग्लंडमधील बाथ या शहरी पर्यटक येतात ते बहुधा रोमन स्नानगृहे पाहायला. लंडनहून आगगाडीने साधारण दीड तास, वस्ती लाखाच्या आसपास. ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे, रोज अकरा लाख लिटरहून अधिक पाणी इथे जमिनीतून आपोआप वर येते. तेही पाहावेच, पण विज्ञानशिक्षकाने आणखी दहा-पंधरा मिनिटे चालून न्यू किंग स्ट्रीटवरील १९ क्रमांकाच्या घरी जावे. शेजारच्या घरांसारखेच, दगडी भिंतींचे, अरुंद घर. आज तिथे हर्शेल संग्रहालय आहे.

विल्यम हर्शेल हा जर्मनीतील हॅनोव्हरचा, पेशाने वादक. अठराव्या शतकात श्रीमंत मंडळी हवापालटासाठी बाथला येत, त्यामुळे संगीतकाराला इथे पोट भरता येई. तो ऑक्टॅगन चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवी, दिवसभर शिकवण्या करी आणि रात्री आकाश पाही. विकतच्या दुर्बिणी परवडेनात, म्हणून त्याने स्वतःच आरसे घडवायला घेतले. ते काचेचे नव्हेत, तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे. १७७२ साली त्याने बहीण कॅरोलिनला गायिका म्हणून तयार करण्यासाठी बाथला आणले होते. तीही या उद्योगात ओढली गेली. एकदा आरसा घासताना विल्यमने सोळा तास हात बाजूला केला नाही, तेव्हा कॅरोलिन त्याला घास भरवत होती. इतर वेळी काम चालू असता ती त्याला अरबी सुरस कथा वाचून दाखवी.

घरामागची बाग आपल्याकडच्या परसदारापेक्षा फार मोठी नाही. १३ मार्च १७८१ च्या रात्री इथेच, सात फूट नाभीय अंतराच्या आणि सुमारे सव्वासहा इंच व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीतून, त्याला एक तारा इतरांहून मोठा दिसला. पुढची कृती वर्गात सांगण्याजोगी आहे. त्याने नेत्रभिंग बदलून वर्धनक्षमता २२७ वरून ४६० आणि मग ९३२ केली. तारे इतके दूर असतात, की वर्धन वाढवूनही त्यांचे बिंब त्या प्रमाणात मोठे होत नाही. ही वस्तू मात्र मोठी होत गेली, म्हणजे ती तारा नव्हती. चार दिवसांनी तिने जागाही बदललेली आढळली.

हर्शेलने तिला धूमकेतू म्हटले आणि रॉयल सोसायटीला तसेच कळवले. शनीपलीकडे ग्रह असेल असे फारसे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. कक्षेचे गणित केल्यावर, विशेषतः सेंट पीटर्सबर्गच्या लेक्सेलच्या आकडेमोडीनंतर, तो ग्रह ठरला. तोच युरेनस. गंमत अशी, की फ्लॅमस्टीडने १६९० सालीच त्याची नोंद केली होती, पण तारा म्हणून! तेव्हा हर्शेलच्या शोधाला ‘योगायोग’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याचा आरसा सरस होता आणि वेगळेपण ओळखण्याइतका डोळा तयार होता.

तळमजल्यावरच्या कार्यशाळेत फरशीकडे लक्ष द्यावे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हर्शेलने तीन फूट व्यासाचा आरसा ओतायचे ठरवले. साचा घोड्याच्या लिदीचा. ती कुटून चाळण्याच्या कामात कॅरोलिनही होती. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी वितळलेला धातू भट्टीतून गळून फरशीवर पसरला. उष्णतेने दगड फुटून तुकडे छतापर्यंत उडाले, माणसे दाराकडे पळाली. त्या भेगा आजही तिथे आहेत. मला तरी त्या रोमन अवशेषांहून अधिक बोलक्या वाटल्या.

१७८२ साली तिसऱ्या जॉर्ज राजाने विल्यमला वर्षाला २०० पाऊंड वेतन दिले आणि भावंडांनी बाथ सोडले. संगीताचा पेशा संपला. गायिका म्हणून जम बसू लागलेल्या कॅरोलिनचाही. तिची इच्छा कोणी विचारल्याचे दिसत नाही. पुढे तिने आठ धूमकेतू हुडकले, आणि १७८७ पासून तिला विल्यमची मदतनीस म्हणून राजाकडून वर्षाला ५० पाऊंड मिळू लागले.