राज्यसभेतील आसाम : प्रतिनिधी कोणाचा?

२००४ ते २००७ या काळात माझी नेमणूक गुवाहाटीला होती. तेथील कार्यालयात निवृत्तीला आलेले एक आसामी सहकारी होते. दुपारच्या चहाच्या वेळी ते एकदा हसत म्हणाले, "साहेब, तुमच्यात आणि पंतप्रधानांत एक साम्य आहे. दोघेही गुवाहाटीचे भाडेकरू!" सगळे हसले, मीही हसलो. पण त्या वाक्याने मला बरेच दिवस अस्वस्थ केले. डॉ. मनमोहन सिंग त्या वेळी देशाचे पंतप्रधान होते, राज्यसभेत आसामचे प्रतिनिधी होते, आणि त्यांचा आसाममधील नोंदलेला पत्ता होता गुवाहाटीच्या सरुमटरिया भागातील एका घराचा. ते घर माजी मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांच्या कुटुंबाचे होते.

वरवर पाहता हा प्रश्न एका पत्त्याचा आहे. पण तो उलगडू लागलो की भारतीय संघराज्याच्या रचनेतील एका जुन्या गाठीपर्यंत आपण जाऊन पोहोचतो. राज्यसभेतील सदस्य नेमका कोणाचा प्रतिनिधी असतो? राज्याचा, राज्यातील जनतेचा, विधानसभेचा, की त्याला तिकीट देणाऱ्या पक्षाचा? आसामच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करावा, असे अनेक वर्षे मनात होते.

आधी जागांचे गणित पाहू. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा आहेत; तेथे कॅलिफोर्निया आणि वायोमिंग समान. राज्याच्या संमतीवाचून हे समत्व काढून घेता येणार नाही, अशी तरतूद तेथील घटनेतच आहे. आपल्या घटनाकारांनी तो मार्ग स्वीकारला नाही. लोकसंख्येच्या पहिल्या ५० लाखांपर्यंत दर दहा लाखांमागे एक जागा आणि त्यापुढील दर वीस लाखांमागे एक जागा, असे उतरते प्रमाण त्यांनी ठरवले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात उतरत्या कराची उलटी आठवण होते : लोकसंख्या वाढत जाते तसा प्रत्येक अतिरिक्त नागरिकाचा वाटा कमी होत जातो. १९५१ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशाची लोकसंख्या ६ कोटी ३२ लाख होती. सूत्र लावून पाहिले तर उत्तर ३४ येते, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळी उत्तर प्रदेशाच्या वाट्याला नेमक्या तेवढ्याच जागा आल्या. सुमारे ९० लाख लोकसंख्येच्या आसामला मिळाल्या ७. म्हणजे सातपट लोकसंख्येला पाचपटीपेक्षाही कमी जागा. लहान राज्याला झुकते माप मिळाले, पण समत्व नाही.

त्या वेळचे आसाम आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. पुढे नागालँड (१९६३), मेघालय (१९७२) आणि मिझोराम वेगळे झाले, त्यांना प्रत्येकी एक जागा मिळाली, तरी आसामच्या ७ जागा कायम राहिल्या. आज सिक्कीम धरून ईशान्येकडील आठ राज्यांच्या मिळून १४ जागा आहेत; एकट्या उत्तर प्रदेशाच्या, उत्तराखंड वेगळे झाल्यानंतरही, ३१. आपल्या महाराष्ट्राच्या १९ आणि गोव्याची एक.

या जागांवर आसामने प्रारंभी कोणाला पाठवले? पहिल्या दशकात स्वातंत्र्यसैनिक पुष्पलता दास होत्या. पुढे राष्ट्रपती झालेले फक्रुद्दीन अली अहमद हेही राज्यसभेत आसामचे प्रतिनिधी होते. ही माणसे त्या भूमीच्या राजकारणात वाढलेली होती. कायद्याचीही तशीच अपेक्षा होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३ नुसार, ज्या राज्यातून राज्यसभेवर निवडून यायचे त्याच राज्यातील लोकसभा मतदारसंघाचा मतदार असणे उमेदवाराला बंधनकारक होते. आणि मतदार होण्यासाठी त्या ठिकाणी 'सामान्यतः रहिवासी' असावे लागते. केवळ तेथे घर आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केलेले आहे.

येथे मराठी वाचकाने एक क्षण थांबावे. हा कायदा संसदेत मांडला गेला तेव्हा विधिमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. स्वतः बाबासाहेब १९४६ साली संविधान सभेत गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, तर बंगालच्या विधिमंडळातून. मुंबईत त्यांच्या पाठीशी पुरेशी मते नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांनी पुढाकार घेतला आणि बाबासाहेब निवडून आले. फाळणीनंतर ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा सभेत आले. बंगालने एका परप्रांतीयाला पाठवले नसते, तर संविधान सभेचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. पुढे १९५२ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीत पराभव झाल्यावर बाबासाहेब राज्यसभेत गेले ते मात्र मुंबई राज्याचे प्रतिनिधी म्हणून, आणि १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण होईपर्यंत ते सदस्य होते. म्हणजे बाहेरच्या राज्याने दिलेली जागा किती मोलाची ठरू शकते आणि रहिवासाची अट का हवीशी वाटते, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रात दिसतात. म्हणूनच 'उपरा' हा शब्द या चर्चेत मी जपून वापरतो.

जून १९९१ मध्ये डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले, तेव्हा ते संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांच्या आत सदस्य होणे घटनेनुसार आवश्यक होते. त्याच वर्षी आसाममध्ये सैकिया यांचे सरकार आले होते. ऑक्टोबरमध्ये आसाम विधानसभेने त्यांना राज्यसभेवर पाठवले. त्यानंतर १९९५, २००१, २००७ आणि २०१३ अशी ही परंपरा चालू राहिली. त्यांच्या 'सामान्यतः रहिवासी' असण्याला आव्हान दिले गेले. निवडणूक आयोगाने या प्रश्नात लक्ष घातले आणि वाद गुवाहाटी उच्च न्यायालयापर्यंत गेला. ते एकटेच असे सदस्य नव्हते. निरनिराळ्या पक्षांचे अनेक नेते कोठल्या तरी राज्यात भाड्याची खोली दाखवून तेथील मतदार होत असत. कायद्याचे अक्षर पाळले जात होते. कायद्याचा हेतू मात्र पावतीपुस्तकात हरवत चालला होता.

२००२ मध्ये घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या, न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने राज्यसभेचे संघीय स्वरूप टिकवण्यासाठी रहिवासाची अट आवश्यक असल्याचे मत दिले. पुढच्याच वर्षी संसदेने नेमके उलटे केले. ऑगस्ट २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने 'त्या राज्यातील' हे शब्द जाऊन 'भारतातील' हे शब्द आले. देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाचा मतदार आता कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाऊ शकतो. त्याच दुरुस्तीने राज्यसभेचे मतदान खुले झाले. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २२ ऑगस्ट २००६ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते फेटाळले. सदस्य त्या राज्याचा रहिवासी असणे ही घटनेने घातलेली अट नाही, पात्रता ठरवण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि ही अट संघराज्याच्या मूलभूत चौकटीचा भाग नाही, असा निर्णयाचा सारांश होता. अमेरिकेच्या घटनेत मात्र सिनेटर निवडून येतेवेळी त्या राज्याचा रहिवासी असावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

तो निर्णय आला तेव्हा मी गुवाहाटीतच होतो. आमचे सहकारी या वेळी हसले नाहीत. ते म्हणाले, "एका अर्थी बरे झाले. आता खोटे बोलावे लागणार नाही. पण साहेब, आमची जागा आमची आहे असे म्हणायचे तरी कशाच्या आधारावर?"

पुढच्या काळात ही सवलत सर्वच पक्षांनी वापरली. आपल्या कोकणातील सुरेश प्रभू २०१४ मध्ये हरियाणातून आणि २०१६ मध्ये आंध्र प्रदेशातून राज्यसभेत गेले. पुण्याचे प्रकाश जावडेकर काही काळ मध्य प्रदेशाचे प्रतिनिधी होते. २०२२ मध्ये विदर्भातील मुकुल वासनिक राजस्थानातून गेले, तर उत्तर प्रदेशातील इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून. यांपैकी कोणाच्याही योग्यतेबद्दल मला काही म्हणायचे नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

पंतप्रधान आपला प्रतिनिधी असल्याचा आसामला लाभ झाला का? प्रामाणिकपणे सांगायचे तर हिशेब मांडणे कठीण आहे. ब्रह्मपुत्रेवरील बोगीबील पूल २००७ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प घोषित झाला, तो सिंग यांच्या कार्यकाळात. पण त्याची कोनशिला १९९७ मध्ये देवेगौडा यांनी बसवली होती, काम २००२ मध्ये वाजपेयींच्या हस्ते सुरू झाले आणि पूल खुला झाला डिसेंबर २०१८ मध्ये मोदींच्या हस्ते. एकवीस वर्षे, चार पंतप्रधान. त्यांतील एकच आसामचा प्रतिनिधी. ज्याच्यावर साऱ्या देशाची जबाबदारी आहे, त्याने एका राज्याची बाजू लावून धरावी, ही अपेक्षाही न्याय्य नव्हे. पण त्यामुळेच सातांपैकी एक आवाज राज्यापुरता बोलायला मोकळा राहत नाही, हेही खरे.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत सिंग यांनी दिसपूरला येऊन मतदान केले. कायद्याला त्याची गरज उरली नसतानाही ते आसामचे मतदार राहिले होते. जून २०१९ मध्ये त्यांची मुदत संपली. विधानसभेत त्यांच्या पक्षाकडे पुरेसे संख्याबळ नव्हते. आसामने त्या वेळी दोन स्थानिक नेत्यांना पाठवले, आणि सिंग दोन महिन्यांनी राजस्थानातून राज्यसभेत परतले. जवळजवळ अठ्ठावीस वर्षांचे नाते संपले ते विधानसभेतील आकड्यांमुळे. जागा राज्याची असते, पण ती चालते पक्षाच्या गणिताने, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

यावर कोणी म्हणेल, मग बिघडले काय? संसद देशाची, सदस्य देशाचा. मी केंद्र सरकारचा सेवक आहे आणि हा युक्तिवाद मला परका नाही. परंतु राज्यसभेला काही अधिकार असे आहेत जे लोकसभेला नाहीत. राज्यसूचीतील विषयावर संसदेने कायदा करावा की नाही, आणि नवी अखिल भारतीय सेवा निर्माण करावी की नाही, हे राज्यसभेच्या दोन तृतीयांश बहुमताच्या ठरावावर अवलंबून असते. भारतीय वनसेवा उभी राहिली ती अशाच ठरावामुळे. हे अधिकार राज्यसभेला दिले, कारण तेथे राज्ये बोलतात असे गृहीत धरले होते. बोलणारा जर राज्याचा नसेल, तर त्या संमतीला राज्यांची संमती कसे म्हणावे? आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे लोकसभेच्या जागांची फेरवाटणी व्हायची आहे. ज्या राज्यांचा वाटा तेव्हा घटेल, ती राज्यसभेकडेच पाहतील.

माझे वैयक्तिक मत असे : जुनी अट खोट्या पत्त्यांना जन्म देत होती हे खरे, पण पत्ते खोटे निघाले म्हणून अटच काढून टाकणे हा उपाय नव्हता. आयुष्यातील काही वर्षे त्या राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य, शिक्षण किंवा काम, अशी सोपी आणि तपासता येण्याजोगी अट असू शकते. निवडून आलेल्या सदस्याने वर्षातून एकदा आपल्या कामाचा अहवाल विधानसभेपुढे ठेवावा, एवढे बंधनही पुष्कळ साधेल.

शेवटी एक कबुली. त्या सहकाऱ्याने विनोद केला, त्या दिवशी माझे नाव सोलापूरच्या मतदार यादीत होते. तेथे मी त्याआधीच्या सात वर्षांत सात आठवडेही राहिलो नव्हतो. म्हणजे मी पगार घेत होतो आसाममधील कामाचा, आणि मत होते सोलापुरात; तेही दिलेले नव्हते. दुसऱ्याच वर्षी मी गुवाहाटीच्या यादीत नाव नोंदवले आणि बदली झाल्यावर ते दिल्लीला नेले. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेकांचे नाव आजही गावाकडेच असेल. राज्यसभेच्या सदस्याला 'तू कोठला?' असे विचारण्यापूर्वी हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. माझ्या सहकाऱ्याने तो मला विचारला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.