‘मित्राची गोष्ट’ नेमकी कुणाची?

आजचा भाग एका षष्ठी विभक्तीवर आहे. घाबरू नका, व्याकरणाचा तास नाही.

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. नाव ऐकून वाटतं, असेल कुणा दोस्ताची कथा. पण नायिकेचं नाव सुमित्रा, सगळे म्हणणार मित्रा. (रोहिणी हट्टंगडींनी ही भूमिका केली होती.) आता मित्र असो की मित्रा, ‘ची’ लागला की दोन्हींचं ‘मित्राची’च होतं! बाईचं बाईवरचं प्रेम सांगणारं नाटक, आणि जाहिरातीत पुरुषाचं नाव आहे असं वाटावं.

नाटकाचा काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा, जागा पुण्यातलं कॉलेज. तिथल्या एका नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका नमा. प्रयोग संपतो, मित्राचं प्रेम संपत नाही.

आता जरा मागे जाऊ. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन पुरुष रंगमंचावर प्रेम करतायत, आणि प्रेक्षक खुळावलेत. नटांच्या खासगी आयुष्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही, ते आपलं कामच नाही. मी प्रेक्षकांबद्दल बोलतोय. शालू आणि नथ होती, म्हणून कुणाला काही वावगं दिसलं नाही. तेंडुलकरांनी काय केलं, तर वेश उतरवला आणि भावना तशीच ठेवली. तिथे मग अडचण झाली.

‘उगाच नसलेलं शोधता’ असं म्हणणारे भेटतात. अहो, अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी १९७०च्या दशकातच कर्क आणि स्पॉकच्या प्रेमकथा स्वतः लिहून, छापून वाटल्या. आपल्याकडे तर शोधायचीही गरज नाही. आपल्या नाट्यपरंपरेत ते पहिल्या रांगेतून दिसत होतं, फक्त त्याला नाव दिलेलं नव्हतं.

नाव न देण्याचा फायदाही असतो, हे आमच्या पट्ट्यात राहून कळतं. चाकण, भोसरी, निगडी, कुठेही जा, ‘रूम पार्टनर’ हा शब्द चालतो. कंपनीतली दोन पोरं वर्षानुवर्षं एका खोलीत राहतात, शिफ्ट जुळवून घेतात, एकाच डब्यात जेवतात. मालक भाडं वेळेवर मिळतंय का तेवढं बघतो. बहुतेक जोड्या निव्वळ रूम पार्टनरच असतात. सगळ्या नसतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ चा धाक काढला, तरी गावाकडून ‘स्थळ बघू का’ असा फोन आला की हाच शब्द कामी येतो.

मित्रा आणि नमाकडे तोही नव्हता. भेटायला खोली लागायची, ती बापूची. बापू, मित्राचा मित्र, तिच्यावर जीव असलेला. आणि शेवटी मित्रा जीव देते, तेव्हा आपल्याला ही सगळी गोष्ट सांगायला उरतो तोही बापूच.