कार्यकारणमीमांसा, सामाजिक संशोधनातील
सामाजिक संशोधनात कारण मानलेल्या घटकास स्वतंत्र चल व परिणामास अवलंबी चल म्हणतात. इंदापूर तालुक्यात १८६७ मध्ये व भीमथडीत १८७१ मध्ये फेरआकारणी होऊन शेतसारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे (सध्या बारामती तालुका) येथे सावकारांविरुद्ध दंगा होऊन कर्जरोखे जाळण्यात आले. चौकशी आयोगाचे सदस्य ऑक्लंड कॉल्व्हिन यांनी सारावाढीवर विशेष भर दिला. तथापि फेरआकारणी न झालेल्या पारनेर व श्रीगोंदे तालुक्यांतही दंगे झाले होते. त्यामुळे सारावाढ हे एकमेव कारण ठरत नाही. अमेरिकन यादवी युद्धानंतर घसरलेले कापसाचे भाव, कर्जबाजारीपणा व न्यायालयीन जप्ती यांचाही विचार करावा लागतो. गृहीत कारण जेथे नव्हते, तेथील स्थितीशी तुलना केल्याखेरीज कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.