शाळेतलं बुलिंग कसं थांबतं? फिनलंडनं लक्ष दिलं ते बघ्यांकडे

एखाद्या मुलाला वर्गात रोज एकाच नावानं चिडवलं जातं, त्याचा डबा लपवला जातो, खेळात घेतलं जात नाही. तक्रार झाली की शाळा दोघांना बोलावते. त्रास देणाऱ्याला दम मिळतो आणि त्रास सहन करणाऱ्याला 'तू लक्षच देऊ नकोस' असा सल्ला. काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं.

असं का होतं? या विषयावरच्या संशोधनाचं उत्तर असं आहे की, हा मामला दोघांपुरता नसतोच. त्यात सगळा वर्ग असतो.

बुलिंग म्हणजे नेमकं काय?

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी बुलिंगची तीन लक्षणं सांगितली. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. त्यामुळे दोन मित्रांचं एकदा झालेलं भांडण म्हणजे बुलिंग नव्हे.

ताकद म्हणजे फक्त अंगबळ नाही. वय, पैसा, जात, रंग, बोली किंवा मागे उभी असलेली मित्रांची टोळी, यातूनही ती येते. मारहाण झालीच पाहिजे असंही नाही. ग्रुपमधून वगळणं, कुणाच्या फोटोचं मीम करून फिरवणं हेही बुलिंगच.

नॉर्वेमध्ये काय घडलं?

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केली. सोबतच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं आणि देश हादरला. १९८३ मध्ये सरकारनं देशभर मोहीम सुरू केली.

त्या काळात ओल्वेयस यांनी बर्गन भागातल्या ४२ शाळांमधल्या सुमारे २,५०० विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली गेली. मधल्या सुट्टीत मोठ्यांची देखरेख वाढली. वर्गानं मिळून नियम ठरवले, पालकांशी बोलणं झालं. त्यानंतर बुलिंगचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटल्याचं दिसलं.

बघ्यांची भूमिका काय असते?

१९९६ मध्ये फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रास देणारा आणि सोसणारा सोडून त्यांना आणखी चार प्रकारची मुलं दिसली: त्रास देणाऱ्याला साथ देणारी, हसून त्याला चढवणारी, लांब राहणारी आणि पीडित मुलाच्या बाजूनं उभी राहणारी.

कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचं चित्रण तपासलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बुलिंगच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण ती मध्ये पडली, तेव्हा ५७ टक्के वेळा त्रास १० सेकंदांच्या आत थांबला.

त्रास देणाऱ्याला वर्गात वट हवी असते. ती देतात हसणारे आणि गप्प बसणारे.

फिनलंडचा 'किवा' कार्यक्रम काय आहे?

हाच विचार धरून तुर्कू विद्यापीठात साल्मिवाली यांच्या नेतृत्वाखाली 'किवा' हा कार्यक्रम तयार झाला. 'बुलिंगविरोधात' या अर्थाच्या फिनिश शब्दांचं हे लघुरूप आहे. फिनिश भाषेत 'किवा' म्हणजे छान. शिक्षण मंत्रालयानं त्याला पैसा दिला आणि २००९ पासून तो देशभरातल्या शाळांमध्ये सुरू झाला.

यात सगळ्या वर्गासाठी तास असतात, पालकांसाठी माहिती असते. प्रत्येक शाळेत मोठ्यांचं एक छोटं पथक असतं. तक्रार आली की हे पथक पीडित मुलाशी आणि त्रास देणाऱ्यांशी वेगवेगळं बोलतं. त्याच वेळी वर्गशिक्षक वर्गात वजन असलेल्या दोन ते चार मुलांना बोलावून विचारतात, 'त्याला सोबत म्हणून तुम्ही काय कराल?' काही दिवसांनी पुन्हा चौकशी होते.

यानं सगळं सुटतं का?

नाही. चौथी ते सहावीच्या वर्गांत 'किवा'चा परिणाम चांगला दिसला, पण मोठ्या वर्गांत तो तितका ठाम नव्हता. साल्मिवाली यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. वर्गातलं बुलिंग कमी झालं, तरी ज्यांचा त्रास सुरूच राहतो ती मुलं जास्त खचतात. बाकी सगळे सुखात आहेत, म्हणजे दोष आपलाच, असं त्यांना वाटू शकतं. म्हणून सरासरी घटली यावर शाळेला थांबता येत नाही. मागे राहिलेल्या एकेका मुलाकडेही बघावं लागतं.

आपल्याकडे काय व्यवस्था आहे?

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. महाविद्यालयांसाठी यूजीसीचे २००९ चे नियमही आहेत.

शाळांसाठी राज्य सरकारनं २०२२ मध्ये 'सखी सावित्री' समित्या स्थापन करायला सांगितलं. त्यात शिक्षकांसोबत पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि विद्यार्थीही असावेत, अशी रचना आहे. म्हणजे गावाला एकत्र आणणारी चौकट कागदावर आहे. आपल्या शाळेत ती समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे पालक मुख्याध्यापकांना विचारू शकतात.

बघणाऱ्यानं काय करावं?

* हसू नका, मीम पुढे पाठवू नका.
* भिडण्यात धोका वाटत असेल तर भिडू नका. नंतर त्या मुलाशी बोला, डबा खाताना त्याच्याशेजारी बसा.
* विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. ही चुगली नाही.
* स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण तो कुठेही पोस्ट करू नका.

१८ वर्षांखालील मुलांना मदत हवी असेल तर १०९८ या क्रमांकावर आणि रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत फोन करता येतो.