शिक्षा फक्त काशीबाईला



परवा ब्राह्मणपुरीत पारावर गप्पा चालल्या होत्या. विषय निघाला सावित्रीबाईंचा. एक जण म्हणाला, "ती काळ्या पाण्याची शिक्षा झालेली काशीबाई, तिचाच मुलगा यशवंत ना? फुल्यांनी दत्तक घेतलेला?" हे मोबाईलवर खूप फिरतं. पण ते चुकीचं आहे. यशवंतचा जन्म 1874 सालचा. त्याची आईही ब्राह्मण विधवा होती, तिचंही नाव काशीबाईच सांगतात, म्हणून हा घोळ. शिक्षा झालेली काशीबाई त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीची.

तिची हकिकत खुद्द जोतीरावांनीच लिहून ठेवली आहे. 1884 च्या डिसेंबरात बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर त्यांनी इंग्रजीत मत कळवलं, त्यात ती येते. काशीबाई चांगल्या घरातली, वागणुकीने सरळ. पुण्यात जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे ती स्वयंपाकाला होती. शेजारचा एक शास्त्री तिच्या मागे लागला. दिवस राहिले. त्याच्या सांगण्यावरून तिने गर्भ पाडायची औषधं घेतली, उपयोग झाला नाही. मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारलं आणि मालकाच्या घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत पोलिसांनी धरलं. पुण्याच्या सेशन कोर्टाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

शास्त्रीबुवांचं काय? त्या हकिकतीत शिक्षा एकट्या काशीबाईलाच आहे.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतं. पण ते बांधून झालं 1906 साली. अंदमानात कैदी जायला लागले 1858 पासूनच, आणि त्यात बायकाही होत्या. कित्येक जणी खुनाच्या आणि बालहत्येच्या गुन्ह्यातल्या. गळ्यात नंबराचा बिल्ला, दळण, सूतकताई, शिवणकाम. काही वर्षं नीट वागली तर सरकारच्या परवानगीने तिथल्याच कैद्याशी लग्न. गंमत बघा, 1856 च्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा होती, पण गावात तसं करायची कुणाची छाती नव्हती!

जोतीराव-सावित्रीबाई नुसते हळहळले नाहीत. 1863 च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर छापील जाहिराती चिकटवल्या. 1884 पर्यंत 35 विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यातली फक्त 5 मुलं तेव्हा हयात होती. बाकीची पोटात असताना दिलेल्या विषारी औषधांनी गेली, असं जोतीरावांनीच लिहिलं आहे.

आणि हे फक्त पुण्यातलं नाही. आपली तापी प्रकाशाहून पुढे सुरतेला जाते. त्या सुरतेच्या कोर्टात 1881 साली विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यात फाशी सुनावली. मुंबईत अपिलात फाशीची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पुढे तीही कमी झाली. पण पेपरांनी सगळ्या बायकांवर तोंडसुख घेतलं. त्याचा संताप येऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. बाईचा गुन्हा मोजता, मग पुरुषाचा का नाही, हा त्यांचा सवाल.

तो सवाल मलाही लागतो. काही वर्षांपूर्वी नवजात अर्भक सापडल्याची बातमी मीच केली होती. हेडिंग दिलं, 'निर्दयी माता'. बापाचा अख्ख्या बातमीत एक शब्द नव्हता. कुणी विचारलंही नाही. आज ते हेडिंग आठवलं की लाज वाटते.

काळ्या पाण्याची शिक्षा 1955 च्या कायदेदुरुस्तीने गेली. आज बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ते कायद्याने बालकल्याण समितीकडे सोपवता येतं, नाव गुप्त राहतं, फेरविचाराला 60 दिवस मिळतात. 1098 वर फोन केला तरी मदत मिळते. फुल्यांनी भिंतीवर जाहिरात चिकटवली होती. आपण निदान ही माहिती गावातल्या ग्रुपवर टाकू. कुण्या काशीबाईपर्यंत वेळेत पोहोचली तर बरं.